सापाच्या खोक्यातून आलेली फर्माईश

बल्गेरियातल्या आमच्या विदिनमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही एखादं जुनं इंग्रजी गाणं ऐकवून पाहा. गाणाऱ्याचं नाव त्याला सांगता येणार नाही, शब्दांचा अर्थ तर नाहीच नाही. पण तो डोळे बारीक करेल आणि म्हणेल, "हे सापातलं." किंवा, "हे 'न'मधलं, अगदी मागचं." बाहेरून आलेल्याला वाटतं, या गावाच्या पाण्यातच काहीतरी आहे. पाण्यात काही नाही. हा सगळा स्पास्का दोनेवा नावाच्या बाईचा प्रताप आहे.

स्पास्का मुळात इस्त्रीवाली. डॅन्यूबच्या काठाला समांतर जो रस्ता जातो त्यावर घरगुती सेवांची सरकारी इमारत होती. खाली चांभार, घड्याळजी, छत्र्या दुरुस्त करणारा आणि कपड्यांची धुलाई. धुलाईत वाफेच्या इस्त्रीवर उभं राहून राहून स्पास्काच्या हातांचे सांधे सुजले, डॉक्टरने चिठ्ठी दिली. साहेबांना तिला कुठेतरी बसवणं भाग होतं. त्याच सुमारास वरच्या मजल्यावर गाणी भरून देण्याची खोली निघाली. लोकांनी कोरी कॅसेट आणायची, गाणी निवडायची, दोन-चार दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. साहेब म्हणाले, "बटणं दाबायची आहेत नुसती. हाताला आराम पडेल."

आराम कसला! राजधानी सोफियाहून मोठाल्या फिती यायच्या आणि प्रत्येकीबरोबर टंकलेला कागद, त्यावर गाण्यांची नावं इंग्रजीत. स्पास्काची शाळा सातवीपर्यंत, परकी भाषा म्हणाल तर रशियन, तीही मारूनमुटकून. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "मावशी, ते गाणं आहे का, ना ना ना वालं?" आता ना ना ना कुठल्या गाण्यात नसतं? पहिल्या महिन्यात तिच्या नाकी नऊ आले.

मग तिने खालच्या स्ताव्री चांभाराकडून बुटांची रिकामी खोकी मागून आणली. प्रत्येक गाण्याचं एक कार्ड केलं, त्यावर नाव कागदावर दिसतं तसंच्या तसं उतरवलं आणि पहिल्या अक्षराप्रमाणे कार्डं खोक्यांत लावली. अक्षरं अर्थातच आपली, बल्गेरियन. इंग्रजीतली निम्मी अक्षरं दिसायला आपल्यासारखीच आहेत, फक्त इंग्रज ती भलतीच म्हणतात. त्यांचा बी हा आपल्याकडे 'व'. त्यांचा एच म्हणजे सरळसरळ आपला 'न'. त्यांचा पी आपला 'र', सी आपला 'स', आणि वायला आपण 'उ' म्हणतो. इंग्रज काय म्हणतात याच्याशी स्पास्काला काडीचंही देणंघेणं नव्हतं. डोळ्यांना जे दिसलं ते खोक्यात गेलं. जी अक्षरं आपल्याकडे नाहीतच त्यांना तिने नावं ठेवली. वळवळणारं एस म्हणजे साप. उभी रेघ म्हणजे काठी. आर हा आरशातला 'या'. 'त'चं खोकं तर पहिल्याच आठवड्यात भरून वाहू लागलं, कारण इंग्रजांची निम्मी गाणी त्याच एका तीन अक्षरी शब्दाने सुरू व्हायची. "एवढं काय त्या पोरीत आहे, सगळे तिच्यावरच गातात," असं ती, तो शब्द पोरीचं नाव समजून, स्ताव्रीला म्हणाली आणि त्याच्याकडून उंच बुटांचं मोठं खोकं घेऊन आली.

कार्डावर नावाखाली ती आपल्या भाषेत गाण्याचं वर्णन लिहायची. ते वाचायला लोक कॅसेट नसतानाही यायचे. "पुरुष कण्हतो, मग त्याला बरं वाटतं." "बाई रागावलेली, पण तालात." "सुरुवातीला दारावर थापा, पुढे पडेल ते." "लग्नाला चालेल, म्हाताऱ्यांनी बाहेर बसावं." शाळेतली पोरं, टायरच्या कारखान्यातले कामगार, बंदरावरचे खलाशी, सगळे रांगेत उभे राहून मागायचे, "मावशी, 'र'मधलं दुसरं, सापातलं रडकं आणि 'क'मधलं शिट्टीवालं." सगळ्या गावाने पाश्चात्त्य संगीत असं पहिल्या अक्षराला धरून ओळखून घेतलं. शेवटी शेवटी तर कार्ड बघायचीही गरज उरली नव्हती. गाणं सुरू झालं रे झालं की स्पास्काचा हात आपोआप त्या त्या खोक्याकडे जायचा, आणि गिऱ्हाइकांचे डोळेही.

तिचा मुलगा देयान. त्याने मात्र गाण्यांवरूनच इंग्रजी शिकून घेतलं आणि आईच्या खोक्यांनी त्याचं डोकं फिरू लागलं.

"आई, हा 'न' नाही. 'ह' आहे. ह!"

"माझ्या खोक्यात तो 'न'च आहे."

"अगं, पण जग काय म्हणतं?"

"जग कुठे माझ्याकडे कॅसेट भरायला येतं?"

एकदा ती गावाला गेलेली असताना देयानने दिवसभर बसून सगळी कार्डं इंग्रजी पद्धतीने लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी खोलीत हा गोंधळ! कुणालाच काही सापडेना. कारखान्यातला एक फोरमन तर चिडून म्हणाला, "माझं 'र'मधलं गाणं कुणी चोरलं?" देयानने हात जोडले आणि सगळं पुन्हा होतं तसं लावून दिलं. त्यानंतर घरातही तो गमतीने आईच्याच अक्षरांत बोलायचा.

त्याचा बाप स्तामेन या खोलीची पायरी कधी चढला नाही. स्तामेन नदीवरचा माणूस, मालवाहू बोटींवर इंजिन सांभाळायचा. वरच्या मजल्यावर माकडं नाचवतात एवढंच त्याचं संगीतावरचं मत. पण पोरगा त्याचा जीव की प्राण. देयान सैन्यातून सुटून आला तेव्हा स्तामेनने बंदरातल्या साहेबांपुढे उभं राहून शब्द टाकला, कागदावर सही केली की हा माझा मुलगा आहे, याची हमी माझी. देयानला बोटीवर घेतलं. पहिल्या दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेत जर्मनीतल्या एका धक्क्यावर तो सिगारेट आणायला म्हणून उतरला आणि बोट त्याच्याविना परत आली.

देश सोडून पश्चिमेत राहून गेलेल्या अशांना कम्युनिस्ट राजवटीत 'न परतलेला' म्हणत. मेलेल्याबद्दल तरी लोक चार शब्द बोलतात, न परतलेल्याबद्दल तेही नाही. स्तामेनला बोटीवरून उतरवलं आणि बंदराच्या गोदामात नदीत खुणेसाठी तरंगणारे बोये रंगवायला बसवलं. आयुष्यभर पाण्यावर राहिलेला माणूस, पाण्याकडे पाठ करून हातात ब्रश. पहिल्याच दिवशी घरी येऊन तो म्हणाला, "आजपासून मला मुलगा नाही. त्याचं नाव या घरात काढायचं नाही." आणि खरंच, पुढे दोन वर्षं त्या घरात ते नाव निघालं नाही.

स्पास्काने नवऱ्याशी वाद घातला नाही. तिला फक्त एवढंच कळून घ्यायचं होतं की पोरगा जिवंत आहे की नाही. पत्र येत नव्हतं. तो लिहीत नसेल यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणजे पत्रं येत असणार आणि वाटेत कुठेतरी थांबत असणार. पोस्टातली बाई तिला बघितलं की खिडकी पुसायला घ्यायची. मिलिशियातला, म्हणजे पोलिसांतला, पेंचो अधूनमधून वरच्या खोलीत यायचा, टोपी काढून खोक्यांवर ठेवायचा. लहानपणी हाच पेंचो देयानबरोबर नदीत डुंबायचा.

"मावशी, काही पत्रबित्र?"

"मला काय विचारतोस? आलं तर आधी तुमच्याकडेच येणार. तूच सांग, बरा आहे का तो?"

पेंचो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा. "मला विचारायला पाठवतात, मावशी. मला काही सांगत नाहीत."

"मग सांग त्यांना, म्हातारीला काही माहीत नाही. आणि टोपी उचल, सापाचं खोकं दबतंय."

अशी दोन वर्षं गेली. स्पास्का कामावर हसायची, वर्णनं लिहायची, घरी येऊन गप्प बसायची. रात्रीच्या अंथरुणात ती रडायची हे स्तामेनला ठाऊक होतं आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा. दोघांनाही एकमेकांचा राग यायचा आणि दोघांनाही एकमेकांची कीव यायची. अशा घरात काय जेवण गोड लागणार!

मग ती शरद ऋतूतली रविवारची दुपार आली. अंगणात लाल मिरच्या भाजायचं काम चाललं होतं. हिवाळ्याच्या चटणीसाठी प्रत्येक अंगणात हेच चालू होतं, सगळ्या गल्लीला तो करपल्या सालांचा वास. स्तामेन पत्र्याच्या भट्टीवर मिरच्या फिरवत होता, स्पास्का सालं काढत होती. स्ताव्री चांभार मदतीला म्हणून आला होता आणि राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, पेला घेऊन सल्ले देत होता. खिडकीत रेडिओ लावलेला. आमच्या भागात सीमेपलीकडचं सर्बियन केंद्र स्वच्छ लागतं. रविवारी दुपारी त्यावर श्रोत्यांच्या फर्माईशी असायच्या, आणि भाषा इतकी जवळची की त्यातले विनोदही कळायचे.

निवेदक म्हणाला, "आता एक गमतीदार चिठ्ठी. आपली सही हे गृहस्थ करतात 'सापाचं खोकं'. खोक्यांच्या मालकीणबाईंसाठी त्यांना चार गाणी हवी आहेत, आणि क्रम अजिबात बदलायचा नाही अशी ताकीद आहे. का ते देव जाणे, कारण एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. पण ताकीद म्हणजे ताकीद."

स्पास्काच्या हातातली मिरची तशीच राहिली. जगात सापाचं खोकं एकच होतं.

पहिलं गाणं लागलं, संथ, पियानोवालं. तिची ओली बोटं हवेत डावीकडे गेली. 'व'. दुसरं सुरू झालं तेव्हा स्ताव्रीने पेला खाली ठेवला. दुसरं 'न'मधलं होतं, अगदी मागचं, "पुरुष ओरडतो पण मनाने चांगला". तिसरं 'उ'. 'उ'मध्ये गाणी थोडीच होती, चुकायला वावच नव्हता. चौथ्याची नुसती थाप पडली आणि तिला कळलं. 'क', तेच शिट्टीवालं.

व, न, उ, क. व्नुक. म्हणजे नातू.

हे तिने तोंडाने म्हटलं नाही. पण स्ताव्री तिच्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. खोकी त्याचीच होती, अक्षरं त्यालाही पाठ होती. स्तामेनला मात्र काहीच कळलं नव्हतं. तो म्हणाला, "मिरच्या जळताहेत. तुम्हा दोघांना झालं काय?"

स्पास्का उठली. हात एप्रनला पुसायचं भान नव्हतं, ते तसेच मिरचीने माखलेले.

"स्तामेन, पोरगा जिवंत आहे. लग्न केलंय त्याने. तू आजोबा झालास."

"कुणी सांगितलं?"

"आत्ता रेडिओवर."

"रेडिओवर चार माकडं किंचाळली, मी ऐकलं." तो भट्टीतून मिरच्या काढू लागला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला मुलगाच नाही. नातू कुठून आला?"

स्ताव्री मान खाली घालून निघून गेला. स्पास्का घरात गेली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. तिला आनंदही त्याच वेळी झाला होता आणि नवऱ्याचा संतापही त्याच वेळी आला होता, कुठलं रडणं कशाचं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सोमवारी कामावर जाताना तिने चॉकलेटचा मोठा डबा घेतला. आमच्याकडे ज्याच्या घरी चांगलं घडतं त्याने सगळ्यांचं तोंड गोड करायचं असतं, आणि घेणाऱ्याने "कशाबद्दल?" असं विचारायचंच असतं. न विचारता चॉकलेट उचललं तर देणारा रुसतो. वाटेत तिने उत्तर ठरवून ठेवलं होतं, कारण खरं सांगायची सोय नव्हती. दाढ दुखत होती, काल काढली, सुटले.

तिने डबा आधी घड्याळजीपुढे धरला. घड्याळजीने चॉकलेट घेतलं आणि काही न विचारता हळूच म्हणाला, "जिवंत राहो, निरोगी राहो." हे आमच्याकडे तान्ह्या मुलाबद्दलच म्हणतात. स्पास्का चपापली. छत्रीवाला म्हणाला, "जिवंत राहो, निरोगी राहो." धुलाईतल्या बायकांनी तिला एकेक करून मिठी मारली, इस्त्रीच्या वाफेत सगळ्यांचेच चेहरे ओले. वर रांगेतल्या पोरापोरींनीही तेच म्हटलं. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी दुपारी सगळं गाव मिरच्या भाजत होतं आणि सगळ्या गावाचा रेडिओ त्याच केंद्रावर होता. ज्या अक्षरांनी तिने गावाला गाणी शिकवली होती त्याच अक्षरांत तिच्या घरची बातमी गावाला कळली होती. सोफियातल्या इंग्रजी शिकलेल्या माणसाने दिवसभर डोकं फोडून घेतलं असतं तरी त्याच्या हाती काही लागलं नसतं.

दुपारी पेंचो आला. त्याने टोपी काढली, खोक्यांवर ठेवायला गेला आणि काखेत धरली.

"कशाबद्दल, मावशी?" कायद्याने विचारायला हवं तसं त्यानेच विचारलं.

"दाढ काढली. फार दिवस छळत होती."

पेंचोने एक चॉकलेट घेतलं. मग दुसरं घेतलं. "हे आईला. तीही ऐकते रविवारचा कार्यक्रम." दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "जिवंत राहो, निरोगी राहो." सगळी रांग त्याच्याकडे बघायला लागली तसा घाईघाईने म्हणाला, "दाढ. तुमची दाढ."

आता गावात एकच चर्चा, नाव काय ठेवलं? पहिल्या नातवाला आजोबाचं नाव, ही आपल्याकडची रीत. पण सून परकी, मुलगा बापाने टाकलेला. कुणी म्हणे हान्स ठेवलं असेल, कुणी म्हणे ऑटो. स्पास्काला ते ऐकवेना. रीत पाळली असेल तर स्तामेनचा राग विरघळेल, आणि नसेल पाळली तर मग संपलंच, हे तिला नवऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पुढच्या रविवारी निवेदक हसत म्हणाला, "आमचे सापाच्या खोक्याचे मित्र पुन्हा हजर. या वेळी म्हणतात, दर रविवारी एकच गाणं लावा, घाई नाही." आणि गाणं लागलं 'स'मधलं. स्तामेन तेव्हा अंगणात जाळं दुरुस्त करत होता. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्यानंतरच्या रविवारी 'त'. त्या दिवशी स्तामेन ठरवून घराबाहेर पडला होता, पण नेमका फर्माईशींच्या वेळी तंबाखू विसरली म्हणून परत आला आणि ती शोधायला त्याला गाणं संपेपर्यंत वेळ लागला. तंबाखू त्याच्या खिशात होती.

मग 'अ' लागलं. स्त-अ. सोमवारी स्ताव्रीने अख्ख्या इमारतीत गोंधळ घातला. "स्ता! स्ता म्हणजे स्ताव्री! त्याचे पहिले बूट मी शिवले, पोरगा विसरला नाही!"

"चूप बस रे," घड्याळजी म्हणाला. "स्तानिमिर पण असेल."

"तुला कुणी विचारलं? तुझ्या नावात आहे का एक तरी अक्षर?"

स्पास्का हसली. घरी स्तामेनने जेवताना पाव मोडून तसाच ठेवला.

पुढच्या रविवारी तो कुठेच गेला नाही. रेडिओपासून दूर, दाराशी, खुर्ची उलटी करून बसला. गाणं लागलं, बाई गात होती, मागे व्हायोलिन. ते संपलं आणि दुसऱ्याच कुणाची फर्माईश सुरू झाली तरी तो तसाच बसून होता. शेवटी त्याने घसा खाकरला.

"हे कुठल्या खोक्यातलं?"

"म," स्पास्का म्हणाली.

तो उठला आणि अंगणात गेला. थंडी सुरू झाली होती, अंगात कोट नव्हता. तिने खिडकीतून पाहिलं, तो थंड भट्टीत काठीने उगीचच राख उकरत होता. पुढच्या रविवारी 'ए' लागलं. स्ताव्रीने तोंडाने पराभव मान्य केला नाही, पण स्तामेनला राकियाची बाटली आणून दिली. स्तामेनने ती उघडली नाही.

"अजून एक अक्षर आहे," तो म्हणाला. "अर्धवट नावाची बाटली मी फोडत नाही."

"आता दुसरं काय असणार, बाबा?" स्ताव्री म्हणाला.

"काहीही असेल. त्या पोराचा मला भरवसा नाही. एकदा बोटीतून उतरतो म्हणाला आणि उतरलाच."

दोन वर्षांनी त्याने मुलाचा उल्लेख केला तो असा. स्पास्काने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली.

शेवटच्या रविवारी आमच्या वस्तीची वीज गेली. त्या हिवाळ्यात विजेचे हाल होते, पाळीपाळीने वस्त्या अंधारात असायच्या, आणि नेमकी फर्माईशींच्या वेळी आमची पाळी आली. रेडिओ मुका. स्पास्का तशीच स्ताव्रीकडे धावली, त्याच्याकडेही तीच गत. धापा टाकत परत आली तर स्तामेन घरात नव्हता. सायकलही नव्हती. बंदराला स्वतःची वीज होती, आणि गोदामातल्या पहारेकऱ्याच्या टेबलावर एक जुना रेडिओ, हे तिला नंतर सुचलं.

तो उशिराने आला. बूट काढले, हात धुतले, सूप मागितलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने मान वर केली नाही. तिला विचारायची हिंमत झाली नाही, कारण 'नाही' म्हणाला असता तर ते तिला सहन झालं नसतं.

सोमवारी ती उठायच्या आत तो निघून गेला होता. इमारतीशी आली तर खाली घड्याळजी, छत्रीवाला, स्ताव्री, सगळे आपापल्या दारांत उभे. स्ताव्रीने नुसतं बोट वर केलं. ती जिना चढली. कुलपापाशी रांग लागली होती आणि रांगेत सर्वांत पुढे स्तामेन उभा होता, दाढी केलेला, अंगात नदीवरचा जुना निळा कोट. हातात कोरी कॅसेट. ती त्याने अशी धरली होती की उलटी की सुलटी याचा पत्ता नाही.

तिने कुलूप उघडलं, आत जाऊन टेबलामागे बसली. तो समोर आला. मागून सगळे दारात दाटले.

"काय भरायचं?" ती म्हणाली. प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायची तसंच.

"सहा गाणी," स्तामेन म्हणाला. "क्रम बदलायचा नाही." त्याने कोटाचं वरचं बटण सोडलं. "'स'मधलं एक. मग 'त'. मग 'अ', मग 'म'मधली ती बाई. मग 'ए'."

तिने एकेक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. सहाव्याला हात हवेत थांबला.

"आणि?"

"मला नाव माहीत नाही त्याचं," तो म्हणाला. "एक माणूस कण्हतो, बराच वेळ कण्हतो, मग बाजे वाजतात आणि त्याला बरं वाटतं. पहारेकरी म्हणाला, हे 'न'मधलं."

दारात कुणीतरी नाक ओढलं. स्पास्काने 'न'चं खोकं पुढे ओढलं. कार्ड तिला पाहावं लागलं नाही, तिने ते नुसत्या बोटांनी काढलं आणि पाचांच्या पुढे ठेवलं. कॅसेटच्या पाठीवर चिकटवायची चिठ्ठी घेतली, पेन्सिल घेतली. हे ती प्रत्येकाला विचारायचीच.

"नाव काय लिहू?"

"स्तामेन."

"तुझं लिहू?"

"माझं कशाला?" तो म्हणाला. "नातवाचं लिही."